राखेतून धातू काढायचेत? मग आधी ॲसिडची बाटली बाजूला ठेवा

परळीच्या औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेबद्दल कुणी ना कुणी विचारतंच, की दादा, त्यात रेअर अर्थ (सिरियम-लँथनमच्या घराण्यातले धातू) असतात म्हणे, गॅलियम असतं म्हणे, आम्ही दोन किलो राख आणली, ॲसिडमध्ये टाकली, तीन दिवस ठेवली, आता पुढं काय करायचं? पुढं काहीच नाही करायचं बाबा. ते तसंच झाकून बाजूला ठेवायचं (नालीत ओतायचं नाही, त्याचं काय करायचं ते शेवटी आहे) आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. कारण चूक ॲसिडमध्ये नसते, चूक क्रमात असते. ॲसिड हे सातव्या पायरीवर येतं आणि लोक पहिल्याच दिवशी त्याला हात घालतात.

हे सगळं केमिस्ट्री-मेटलर्जीच्या पोरांसाठी आणि ज्यांच्याकडं कॉलेजची किंवा एखाद्या कंपनीची नीट लॅब आहे, फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) आहे, त्यांच्यासाठी लिहितोय. गच्चीवर, गोठ्यात, पत्र्याच्या शेडात करायचं असेल तर पायरी ५ पर्यंतच करा, तिथपर्यंत मुख्यतः पाणी आणि लोहचुंबकच लागतं.

आधी जरा हिशोब

हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. आपल्या भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राखच असते आणि त्या राखेत साधारण ५५-६५ टक्के सिलिका, २५-३० टक्के ॲल्युमिना, ४-८ टक्के आयर्न ऑक्साइड, चुना अगदी थोडा. रेअर अर्थ सगळे मिळून बहुतेक राखांत काहीशे पीपीएम. समजा ४०० पीपीएम धरले तर एका टनात ४०० ग्रॅम. त्यातले ६० टक्के हाताला लागले तर २४० ग्रॅम, आणि त्यात निम्म्याहून जास्त सिरियम आणि लँथनम, म्हणजे या घराण्यातले सगळ्यात स्वस्त गडी.

आता खर्चाची बाजू. एका टनात २७० किलो ॲल्युमिना आहे, ती सगळी हायड्रोक्लोरिकमध्ये विरघळली तर तिलाच जवळपास ५८० किलो शुद्ध ॲसिड लागतं, म्हणजे बाजारात मिळणारं ३२ टक्क्यांचं घेतलं तर १८०० किलो. कॉस्टिक सोड्यासोबत भाजायच्या पद्धतीनं (पायरी ६) गेलात तर टनाला टनभर कॉस्टिक वेगळं. काही ॲल्युमिना कॉस्टिकच्या पाण्यात आधीच निघून जाते हे खरं, पण तरी हिशोब टनातच राहतो आणि माल ग्रॅममध्ये. म्हणून निव्वळ रेअर अर्थसाठी धंदा मांडू नका, आधी राखेतला जो माल पाण्यानं आणि चुंबकानं निघतो तो काढा, आणि केमिकलचं काम लहान नमुन्यावर, माहिती मिळवण्यासाठी करा.

१. राख कुठली आणली ते नक्की करा

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख म्हणजे बगॅसची राख, तिचा या विषयाशी संबंध नाही. वीटभट्टीवरची राख म्हणजे कोळसा, भुसा, माती, जे असेल त्याचं मिश्रण, तीही नको. आपल्याला पाहिजे ती औष्णिक केंद्राची फ्लाय ॲश, धुराड्याच्या आधी जे ईएसपी (विजेच्या भारानं धूळ पकडणारं यंत्र) असतं त्यात पकडलेली, सायलोतून बल्करमध्ये भरतात ती कोरडी राख. बॉयलरच्या तळाशी पडते ती बॉटम ॲश जाड असते, एकूण राखेच्या साधारण पाचवा हिस्सा, तिच्यात आपल्या कामाचं कमी.

केंद्राच्या राखेच्या तळ्यातली राख फुकट दिसते म्हणून लोक तीच उचलून आणतात. त्यात बारीक-जाड एकत्र झालेलं असतं, वर्षानुवर्षांच्या वेगवेगळ्या कोळशाची राख एकावर एक बसलेली असते आणि पाण्यात विरघळणारं बरंच काही आधीच धुऊन गेलेलं असतं. एक गोष्ट मात्र तळ्यावरच चांगली मिळते, ती पायरी ३ मध्ये.

अजून एक, परळीला कोळसा बाहेरून येतो. खाण बदलली की राख बदलली. तेव्हा मित्राच्या मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर तुमची यंदाची राख मोजू नका.

*सावध:* राख केंद्राकडून लेखी परवानगीनंच घ्या, तारीख आणि युनिट नंबर लिहून घ्या, ईएसपीचं कितवं फील्ड (म्हणजे कप्पा) आहे तेही विचारा. पहिल्या फील्डात जाड राख पडते, शेवटच्या फील्डात सगळ्यात बारीक, आणि गॅलियम, आर्सेनिक असले धुरातून थंड होऊन बसणारे पदार्थ त्या बारीक राखेवरच जास्त चिकटतात. शेवटच्या फील्डातली वेगळी मिळाली तर सोडू नका.

२. नमुना घ्या, वाळवा, मग टेस्टला पाठवा

एका पोत्याच्या तोंडातून मूठभर घेतली म्हणजे नमुना झाला असं नसतं. मोंढ्यात सोयाबीनचं पोतं बघताना पोकळ सळई खुपसून वरचं, मधलं, खालचं बघतात ना, तसं प्रत्येक पोत्यातून घ्या. मग ताडपत्रीवर सगळं ओतून घमेल्यानं शंकूसारखा ढीग करा, वरून दाबून सपाट करा, चार वाटे पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे दोन परत पोत्यात. पुन्हा ढीग, पुन्हा चार वाटे. किलोभर उरेपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे पण इथं कंटाळा केला तर पुढचे सगळे आकडे भाकड.

हे करताना एन-९५ मास्क पाहिजेच, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. राख बारीक आहे, सिलिका आहे, फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही. पंखा बंद, वाऱ्याचा दिवस टाळायचा.

नमुना १०५-११० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. त्यातली थोडी ७५० अंशाला भट्टीत जाळा, जे वजन घटलं तो न जळलेला कोळसा (अगदी तंतोतंत नाही, कारण राखेतलं काळं लोखंड तापल्यावर थोडं ऑक्सिजन घेऊन वजन वाढवतं, पण कामापुरतं चालतं). सिमेंटसाठीच्या मानकात ही घट ५ टक्क्यांपर्यंतच चालते, त्यामुळं तुमची राख त्यावर असेल तर पायरी ४ तुमच्यासाठी फार महत्त्वाची.

टेस्टिंगला पाठवताना लॅबला दोन गोष्टी विचारा. एक, नमुना पूर्ण विरघळवता का? नुसत्या ॲसिडमध्ये ही राख पूर्ण विरघळत नाही, काच आणि मुलाइट (ॲल्युमिना-सिलिकाचे स्फटिक) तसंच राहतं, आणि रिपोर्टात रेअर अर्थ कमी दिसतात. लिथियम बोरेटसोबत वितळवून विरघळवणारी लॅब शोधा. घरच्या लॅबमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरायचा विचार असेल तर तो इथंच सोडा, ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. दुसरं, मोजमाप आयसीपी-एमएसवर (धातूंचे अगदी बारीक अंश मोजणारं मशीन) करता का आणि सोबत प्रमाणित फ्लाय ॲशचा नमुना लावता का? हातात धरायच्या एक्सआरएफ (एक्स-किरणांनी मोजणाऱ्या) गनवर सिलिका, लोखंड ठीक दिसतं, रेअर अर्थच्या बाबतीत ती गन म्हणजे अंदाजपंचे. आणि रिपोर्टात युरोपियम एकटंच भलतं जास्त दिसलं तर खूश होऊ नका, राखेतलं बेरियम ऑक्सिजनसोबत मशीनमध्ये युरोपियमचं सोंग घेतं.

*तपासा:* एकाच ढिगातले दोन वेगळे वाटे दोन नावांनी पाठवा. दोन्ही रिपोर्टांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर तुमचा नमुना चुकलाय किंवा लॅब चुकलीय, पुढं जायचं नाही.

३. तरंगतं ते आधी काढा

राखेत पोकळ काचेचे बारीक गोळे असतात, सेनोस्फिअर म्हणतात, पाण्यापेक्षा हलके. धातू नाही, पण रंग, हलकं सिमेंट, तेलविहिरी, सगळीकडं मागणी आहे, आणि माझं मत विचाराल तर लहान माणसानं राखेतून पैसे बघायचे असतील तर ते इथंच. प्रमाण कमी, बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आत. राखेच्या तळ्यावर दुधावरच्या सायीसारखा पांढरट थर दिसतो तो हाच.

प्लॅस्टिकच्या टिपाडात एक भाग राखेला दहा भाग पाणी, लाकडी दांड्यानं हळू ढवळा, चोवीस तास हलवू नका. वरची साय बारीक जाळीच्या चाळणीनं काढा, धुवा, सावलीत वाळवा.

नेहमीची चूक म्हणजे आधी राख बॉल मिलमध्ये किंवा गिरणीत दळणं, "बारीक केली की धातू लवकर सुटतील" म्हणून. दळली की गोळे फुटले, फुटले की बुडाले, विषय संपला.

पाण्याचं आधीच बघून ठेवा. शंभर किलो राखेला हजार लिटर पाणी जातं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्रच पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं, तेव्हा आपल्या प्रयोगासाठी उन्हाळ्यात टँकर मागवायची वेळ आणू नका. वरचं निवळलेलं पाणी परत पुढच्या घाण्याला वापरा. फक्त पायरी ६ पासून पुढं बोअरचं पाणी बंद म्हणजे बंद, डिस्टिल्ड लागेल.

४. न जळलेला कोळसा

तळाशी बसलेल्या गाळावर हे करायचं. थोडं रॉकेल किंवा डिझेल कोळशाच्या कणांना चिकटतं, पाइन ऑइल फेस आणतं, खालून हवा सोडली की काळा फेस वर येतो, तो काढून घ्यायचा. लॅबमध्ये फ्लोटेशन सेल असला तर अर्ध्या तासाचं काम. तेल थेंबांनी टाका, वाटीनं नाही, जास्त झालं की राखही फेसासोबत वर यायला लागते आणि फेस काळ्याचा करडा होतो. करडा दिसला की थांबा.

पायरी २ मध्ये जाळून आलेली घट जर दोन-तीन टक्केच होती तर ही पायरी सोडली तरी चालेल.

५. चुंबक, मग चाळणी

लोहचुंबक जाड पॉलिथिनच्या पिशवीत गुंडाळूनच गाळात फिरवा, नाहीतर चिकटलेली काळी पूड खरवडत बसाल. बाहेर काढून दुसऱ्या बादलीवर धरा, पिशवीतून चुंबक ओढून घ्या, पूड आपोआप पडते. पहिल्या फेरीत चांगली राखही सोबत अडकून येते, म्हणून निघालेली पूड पाण्यात कालवून परत दोनदा चुंबक फिरवा.

हे का करायचं? एक, लोखंड आत्ता काढलं की पुढं ॲसिड कमी जातं. दुसरं, रेअर अर्थ मुख्यतः चुंबकाला न चिकटणाऱ्या काचेच्या भागात असतात, म्हणजे फारसं न गमावता ओझं कमी झालं.

उरलेला गाळ ३२५ मेशच्या चाळणीतून (४५ मायक्रॉन) ओला चाळा. खाली गेलेलं बारीक ते पुढं न्यायचं, वर राहिलेलं वाळवून वेगळं ठेवायचं, वीटवाल्याला चालतं.

*तपासा:* आता सगळ्यांची कोरडी वजनं करा. साय, काळा फेस, चुंबकाची पूड, जाड, बारीक, आणि बेरीज सुरुवातीच्या वजनाशी लावा. १०० ग्रॅममधले ९५ तरी सापडले पाहिजेत. प्रत्येक वाट्यातला चिमूटभर डबीत भरून, लेबल लावून ठेवा, पेनानं नाही, पेन्सिलीनं, ओल्या हातानं शाई पुसते. बारीक वाटा परत टेस्टला पाठवा. मूळ राखेपेक्षा पीपीएम वाढलेच नसतील तर केमिकलच्या वाटेला जाऊ नका.

६. भाजणं आणि धुणं

परळीसारखी कमी चुन्याची राख साध्या ॲसिडला दाद देत नाही, कारण धातू काचेत कोंडलेले असतात आणि ती काच आधी फोडावी लागते. लॅबमध्ये चालणारी पद्धत अशी: बारीक राख आणि कॉस्टिक सोडा, वजनानं एकास एक, ४५० अंश, अर्धा तास. सुरुवात १० ग्रॅमनं करा, किलोनं नाही.

भांडं निकेलचं किंवा लोखंडाचं घ्या. चिनी मातीची क्रुसिबल कॉस्टिक खाऊन टाकतं आणि तिचीच सिलिका तुमच्या नमुन्यात येते. ॲल्युमिनियमचं तर नावच काढू नका, हायड्रोजन सुटतो.

पूर्ण गार झाल्यावरच पाणी, तेही थोडं थोडं. गरम ढेकळावर पाणी टाकलं की कॉस्टिक डोळ्यात उडतं, गॉगल कपाळावर ठेवायची वस्तू नाही. गाळून घ्या. या पाण्यात सोडियम सिलिकेट, थोडी ॲल्युमिना, आणि रंग पिवळा असेल तर सहा संयुजेचं क्रोमियम आलंय. हवेत कॉस्टिकसोबत भाजलं की राखेतलं साधं क्रोमियम या विषारी रूपात जातं, आर्सेनिकही इथंच उतरतं. हे पाणी वेगळ्या कॅनमध्ये, झाकण घट्ट, वर नाव.

चांगलं तीन-चारदा धुवा. हे धुणं टाळणारे लोकच मला पुढच्या पायरीतल्या जेलीचे फोटो पाठवतात.

७. ॲसिड, शेवटी एकदाचं

धुतलेला गाळ १ ते २ मोलर हायड्रोक्लोरिकमध्ये. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. गाळ पातळ ठेवा, एका ग्रॅमला २०-२५ मिली तरी. गाळ एकदम न टाकता ढवळत ढवळत टाका, उकळू नका.

जेली का होते? उरलेली सिलिका ॲसिडमध्ये विरघळते आणि मग एकमेकींना धरून जाळं विणते. ॲसिड कमी पडून पीएच वर सरकला की हे झपाट्यानं होतं, घट्ट कालवलं तरी होतं, गरम केलं तरी होतं, आणि रात्रभर ठेवलं तर हमखास. सकाळी बीकरमध्ये दह्यासारखं लागलेलं असतं, फिल्टर पेपरमधून थेंब उतरत नाही. लागलं की वाचवता येत नाही, पायरी ९ च्या कचऱ्यात टाका आणि परत करा. म्हणून शेवटपर्यंत पीएच १ च्या आसपास किंवा खाली पाहिजे आणि त्याच दिवशी गाळून संपवायचं. दुपारी चारला सुरू करू नका, सकाळी करा.

*तपासा:* गाळलेलं द्रावण आणि उरलेला चोथा दोन्ही टेस्टला. दोन्हीतले रेअर अर्थ, अधिक पायरी ६ च्या पाण्यातले, मिळून भाजायला घेतलेल्या राखेतल्या रेअर अर्थच्या ९०-११० टक्क्यांत आले पाहिजेत. "९५ टक्के रिकव्हरी" असं नुसतं द्रावण बघून सांगणाऱ्याला चोथ्याचा आकडा विचारा.

८. द्रावणातून वेगळं करणं

द्रावणात लोखंड आणि ॲल्युमिनियमचा महापूर आहे आणि रेअर अर्थ त्यात मूठभर. पीएच हळूहळू ३ ते ३.५ पर्यंत नेलं की लोखंड तांबड्या गाळानं बसतं. तिथंच थांबायचं. ४ च्या पुढं गेलात की ॲल्युमिनियमचा चिकट पांढरा गाळ येतो आणि रेअर अर्थ सोबत ओढून नेतो. लिटमस पेपरवर हे जमत नाही, पीएच मीटर पाहिजे आणि तो त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरवर लावलेला पाहिजे.

पुढं केरोसीनमध्ये डी-टू-ईएचपीए (रेअर अर्थ पकडणारं रसायन) घालून सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे द्रावणातले रेअर अर्थ केरोसीनमध्ये ओढून घेणं, जोरदार ॲसिडनं परत उतरवणं, मग ऑक्झॅलिक ॲसिडनं बसवणं, ८५०-९०० अंशाला जाळून ऑक्साइड. सॉल्व्हंटचं काम लेख वाचून येत नाही, करणाऱ्याच्या शेजारी उभं राहूनच शिकावं लागतं, म्हणून त्यात शिरत नाही.

ऑक्झॅलेटच्या ठिकाणी मात्र थांबा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा छान पांढराशुभ्र गाळ बसला, पेढे आणले, सगळ्यांना फोन झाले. रिपोर्ट आला तर सगळं कॅल्शियम ऑक्झॅलेट! डिस्टिल्ड संपलं म्हणून एका पोरानं नळाचं, म्हणजे बोअरचं, पाणी वापरलं होतं, आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार तर हीटरच्या कॉइलवरच दिसतो. तेव्हापासून जाळलेल्या पुडीतली चिमूट पाण्यात टाकून फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब घालतो, भडक गुलाबी झालं तर बहुतेक चुनाच. मिश्र रेअर अर्थ ऑक्साइड सहसा तपकिरी झाकेचं येतं, पांढराशुभ्र माल दिसला तर पेढे थांबवा. आणि १०० ग्रॅम राखेतून सगळं नीट झालं तरी २५-३० मिलिग्रॅम येणार, वजनकाटा तेवढा बारीक आहे का ते आधीच बघा.

ॲल्युमिना काढायची म्हणणाऱ्यांसाठी

राख चुनखडकासोबत १३००-१४०० अंशाला भाजायची, गार होताना ढेकूळ स्वतःहून भुगा होतं (नाही झालं तर प्रमाण चुकलंय किंवा फार लवकर गार केलंय), मग सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिना उतरवायची, गॅलियमही त्याच पाण्यात जातं आणि तेच पाणी फिरवत राहिलं तर साठत जातं. ऐकायला भारी आहे. पण आपल्या राखेत सिलिका इतकी, की टनाला अडीच टनांच्या आसपास चुनखडक लागतो आणि मूळ राखेहून मोठा ढीग चोथ्याचा उरतो, जो सिमेंटवालाच घेऊ शकतो. मराठवाडा बहुतेक सगळा काळा दगड, चुनखडकासाठी यवतमाळ-चंद्रपुरातल्या वणी-कोरपन्याकडं बघावं लागतं. परळीत बसून हे जमत नाही.

९. उरलेलं कुठं जातं

राख स्वतः घातक कचऱ्यात धरत नाहीत, पण तुम्ही ॲसिड-कॉस्टिक लावून जे काही उरवलंत ते वेगळं प्रकरण आहे. कॉलेजच्या प्रयोगापलीकडं काही उभारायचं असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी, शेड नंतर. केंद्र सरकारच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या फ्लाय ॲश अधिसूचनेनं राखेचा शंभर टक्के वापर करायची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकलीय, त्यामुळं राख मिळायला अडचण नाही, पण तुमचा चोथा ही तुमची जबाबदारी.

पायरी ६ च्या पिवळ्या पाण्याचं असं करा: फ्यूम हूडमध्येच, ढवळत, थोडं थोडं ॲसिड घालून आम्लधर्मी करा, फेरस सल्फेट टाका, पिवळा जाऊन हिरवट झालं की पाण्यात कालवलेला चुना घालून पीएच ८-९ वर न्या, क्रोमियम आणि बरंचसं आर्सेनिक लोखंडासोबत तळाशी बसतं. नुसता चुना टाकून हे क्रोमियम बसत नाही, ही चूक मी जवळपास प्रत्येक कॉलेजात बघितली. सुरुवातीला सांगितलेलं ते तीन दिवस ठेवलेलं ॲसिडही याच चुन्यानं न्यूट्रल करायचं. बसलेला गाळ मान्यताप्राप्त घातक कचरा उचलणाऱ्यालाच, वजनाची पावती घेऊन.

कोळशातलं थोडं थोरियम रेअर अर्थच्या मागं मागं चालत येतं, म्हणून पायरी ८ मधला तांबडा गाळ आणि शेवटची पुडी, दोन्हींची किरणोत्सर्गाची तपासणी करून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोन्ही डब्या कुलपात, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही.